मी वगळलेला शब्द

आमच्या चाळीत इंग्रजी येणारं माणूस म्हणजे मी एकटीच, आणि मी तेव्हा नववीत होते.

बहात्तरच्या दुष्काळाचंच साल असेल. सोलापुरात गिरणीच्या मागच्या चाळीत आमची खोली होती. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते एका सायकलच्या दुकानात कामाला होते. आई घरी विड्या वळायची. दोघांनाही इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणूनच बहुधा माझ्या इंग्रजीचं त्यांना फार वाटायचं. कुणाच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, कुठल्या कागदावरचा शिक्का काय म्हणतो, सगळं माझ्याकडं यायचं. कुणाच्या पोराला शाळेचा दाखला हवा असला तर अर्ज मी लिहायचे. दाखल्याला सगळे ‘लिव्हिंग’ म्हणायचे आणि मीही स्पेलिंग तसंच करायचे. शाळेतल्या कारकुनानं एकदा हसत सांगितलं, “अगं, तू लिहिलंयस त्याचा अर्थ जगण्याचं सर्टिफिकेट. आपल्याला सोडण्याचं पाहिजे.” मी अर्जात खाडाखोड करून दिली. त्यानं मी सावध व्हायला हवं होतं. मी झाले नाही. चूक मला आणि त्या कारकुनाला माहीत होती, चाळीत कुणाला नव्हती, एवढंच मी पाहिलं.

आमच्या भिंतीला लागून अण्णांची खोली. अण्णा मंद्रूपकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी सोलापुरात आले आणि गिरणीत मागावर लागले. त्यांना मूल नव्हतं. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. अण्णा कमी बोलायचे, पण जे बोलतील ते खरं, अशी चाळीत त्यांची ख्याती होती. एकदा गावच्या जत्रेसाठी ते दोन दिवस कामावर गेले नाहीत. बाकीचे अशा वेळी डॉक्टरची चिठ्ठी आणून द्यायचे. अण्णांना साहेबानं विचारलं तर ते म्हणाले, “जत्रंला गेलो व्हतो.” दोन्ही दिवसांचा खाडा लागला. मावशी चिडल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आजारी न्हवतो तर आजारी हाय कसं म्हनू?”

त्यांना गिरणीत आणलं होतं ते त्यांच्या खात्यातल्या जॉबरनं. जॉबर म्हणजे खात्यातला जाणता माणूस. माग बिघडला की तो नीट करायचा, कुणी कुठल्या मागावर उभं राहायचं तेही तोच बघायचा. हे जॉबर दुधनीचे. त्यांच्या घरी कानडी बोलायचे, बाहेर मराठी. लग्न केलं नव्हतं, भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. त्यामुळं सुट्टीच्या दिवशी ते अण्णांकडं असायचे. आम्ही पोरं त्यांना जॉबरकाका म्हणायचो. उंबऱ्याबाहेर दोघं तंबाखू मळत बसायचे आणि तासन्तास फारसं न बोलता बसायचे. गिरणीतही जेवणाच्या सुट्टीत दोघांचा डबा एकत्र उघडायचा. मावशी दोन भाकरी जास्त बांधून द्यायच्या, त्या कुणासाठी हे कधी कुणी विचारलं नाही.

दिवाळीच्या थोडं आधी अण्णा गिरणीत पडले. सुताच्या कांड्यांची पेटी उचलून मागाकडं येताना पाय घसरला, ते पुढं कोसळले आणि कंबर मागाच्या लोखंडी पायावर आदळली. सगळ्यांत आधी धावले ते जॉबरकाका. त्यांनीच चौघांना हाताशी घेऊन अण्णांना दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दीड महिना दवाखान्यात आणि पुढं तीन महिने घरात, एवढं झाल्यावर अण्णा काठी घेऊन उभे राहिले, पण एक पाय आखूड पडला तो कायमचा. तेवढ्या दिवसांत जॉबरकाका पाळी सुटली की रोज यायचे. अण्णांना उचलून बसवायचे, मावशी बाहेर गेल्या असल्या तर लघवीचं भांडंही द्यायचे. सख्खा भाऊ करणार नाही एवढं त्यांनी केलं.

गिरणीच्या ऑफिसनं त्या अपघाताची चौकशी केली होती. ज्यानं जे पाहिलं ते त्यानं आपल्या भाषेत सांगायचं आणि कारकुनानं इंग्रजीत टाइप करायचं, अशी पद्धत. चौकशी संपली आणि अण्णांना दोन कागद मिळाले.

सुट्टीचा दिवस होता. दुपारी अण्णांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. आई विड्यांचं सूप घेऊन माझ्या मागोमाग आली. मावशी चुलीपाशी होत्या, त्याही हात पुसत आल्या.

“पोरी, एवढं वाचून दाखव की,” अण्णा म्हणाले.

माझी वाचण्याची एक रीत होती. आधी इंग्रजी वाक्य मोठ्यानं म्हणायचं, मग मराठी सांगायचं. इंग्रजी कुणाला कळत नसे. पण ते ऐकताना लोक गप्प होत आणि माझ्या तोंडाकडं बघत. ते बघणं मला आवडायचं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

पहिला कागद सोपा होता. अण्णांना मागावर उभं राहणं झेपणार नाही, म्हणून त्यांना गेटवर बसून करायचं काम द्यावं, असा हुकूम होता. अण्णांनी मान हलवली. माग सुटणार हे त्यांना कळलंच होतं.

दुसरा कागद म्हणजे जॉबरकाकांच्या जबानीची कार्बन प्रत. अक्षरं निळी, पुसट. मी वाचायला लागले. माझं नाव अमुक, मी अमुक खात्यात, वगैरे झालं. पुढं होतं: आय वेन्ट देअर ॲट वन्स. ही वॉज लाइंग प्रोन. आय आस्क्ड हिम व्हॉट हॅपन्ड. ही सेड ही हॅड स्लिप्ड ऑन ऑइल.

‘लाइंग’ मला माहीत होता. ‘नेव्हर टेल अ लाय’ हे वाक्य आमच्या वर्गाच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. लाय म्हणजे खोटं. ‘प्रोन’ मात्र मी कधी पाहिला नव्हता. मी थांबले. तिघांच्या नजरा माझ्यावर होत्या. आई तर विडी वळायची थांबली होती. हा शब्द मला येत नाही, एवढं म्हणायला काय लागलं असतं? मी तो शब्द गिळला. इंग्रजी म्हणतानाही ‘ही वॉज लाइंग’ एवढंच म्हणाले आणि मराठीत सांगितलं:

“मी लगेच तिथं गेलो. तो खोटं बोलत होता. काय झालं, असं मी त्याला विचारलं. तेलावरून पाय घसरला, असं तो म्हणाला.”

मावशींनी अण्णांकडं पाहिलं.

“परत वाच,” अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं. दुसऱ्या वेळी तर अडखळलेही नाही.

“खोटं बोलत व्हता, असं लिवलंय?”

“हो अण्णा. लाइंग म्हणजे खोटं बोलणं.”

मावशी म्हणाल्या, “आवं, ते असं कशाला सांगत्याल? रोज येत्यात की हितं.”

अण्णांनी हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी दोन्ही कागदांच्या घड्या केल्या आणि मावशींना ट्रंकेत ठेवायला सांगितले. मग माझ्याकडं आणि आईकडं बघून म्हणाले, “ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या. कुनाला बोलायचं न्हाय.”

म्हणून तो कागद आणखी कुणाच्या नजरेखाली गेला नाही. युनियनच्या माणसाला दाखवला असता तर त्यानं एका मिनिटात सांगितलं असतं. पण अण्णांना वाटली ती लाज. आपल्याला खोटारडा म्हटलेला कागद माणूस कुणाला दाखवेल?

त्याच संध्याकाळी जॉबरकाका आले. हातात भाजलेल्या शेंगांची पुडी होती. अण्णा खाटेवर होते. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. जॉबरकाका नेहमीसारखे खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, “काय रं, दुखतंय का आज?”

“न्हाय,” अण्णा म्हणाले. “तुमी तुमचं काम करा. माजं मी बगतो.”

मी दारातच उभी होते. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना ‘तुमी’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मावशींनी दिलेलं पाणी जॉबरकाका प्यायले. शेंगांची पुडी कोनाड्यात ठेवली आणि गेले. पुढं दोनतीनदा आले. प्रत्येक वेळी तसंच. मग यायचे थांबले. आश्चर्य म्हणजे त्यांनी कारण कधी विचारलं नाही. अण्णांना विचारलं नाही, मावशींनाही नाही. मावशींना त्यावरून खात्री पटली. “मनात पाप नसतं तर इच्चारलं असतं की,” त्या आईला म्हणाल्या.

अण्णा गेटवर बसायला लागले. स्टूल, पुढं टेबल, त्यावर येणाऱ्याजाणाऱ्याच्या नोंदीचं बुक. जॉबरकाका दिवसातून दोनदा त्याच गेटातून जायचे, एकदा आत, एकदा बाहेर. अण्णा त्या वेळी बुकात बघायचे. वर्ष-सव्वा वर्ष असं चाललं. शाळेतून येताना मी कधीकधी त्या रस्त्यानं यायचे आणि पाळी सुटताना हे पाहायचे. गर्दीबरोबर जॉबरकाका यायचे, गेटापाशी त्यांची चाल हळू व्हायची आणि मग ते पुढं जायचे. मला अण्णांचं बरोबर वाटायचं. जॉबरकाकांचा तर मला रागच होता. एकदा रस्त्यात त्यांनी मला हाक मारली, “पोरी, शाळा कशी चाललीय?” मी न बोलता निघून गेले.

मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षाला गेले तेव्हा जॉबरकाकांनी गिरणी सोडली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, मागाचं बारीक काम दिसेना. मावशींनी आईला सांगितलं की शेवटच्या दिवशी ते गेटपाशी थांबले होते. अण्णांच्या टेबलासमोर उभे राहिले, किती वेळ ते सांगता यायचं नाही, पण लोक बघायला लागले एवढा वेळ. अण्णांनी मान वर केली नाही. मग ते दुधनीला भावाकडं निघून गेले.

आम्हाला इंग्रजीला जे सर होते ते विणकरी घरातले होते, घरी तेलुगू बोलणारे. बारीक अंगाचे, आवाज मोठा नाही. क्रियापदाची तीन रूपं ते पाढ्यासारखी म्हणून घ्यायचे. पण नुसती घोकंपट्टी त्यांना चालायची नाही. परीक्षेला दोन महिने राहिले असतील तेव्हा ते म्हणाले, “आज चुकणाऱ्या जोड्या घेऊ. वर्षानुवर्षं पोरं इथंच मार्क घालवतात.”

त्यांनी फळ्यावर मराठीत लिहिलं: पडणे, पाडणे. “तुम्ही यात कधी चुकता का? ‘मी झाड पडलं’ असं म्हणतं का कुणी? लहान मूलसुद्धा म्हणत नाही. आपोआप होतं ते पडणं, कुणी केलं तर पाडणं. इंग्रजीत तसंच आहे. फॉल म्हणजे पडणे. फेल म्हणजे पाडणे. घोटाळा एवढाच, की फॉलचा भूतकाळही फेल होतो. राइज म्हणजे उठणे, रेज म्हणजे उठवणे, वर करणे.” मग लीव्ह आणि लिव्ह झालं, तेव्हा मला तो दाखल्याचा अर्ज आठवला आणि मी मनातल्या मनात हसले. लूज आणि लूझ झालं. मग त्यांनी खडूनं तीन ओळी काढल्या आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जवळपास सारखेच शब्द लिहिले.

“लाय, लाइड, लाइड. खोटं बोलणे. लाय, ले, लेन. आडवं पडणे, पडून राहणे. ले, लेड, लेड. ठेवणे. यातल्या पहिल्या दोघांना आयएनजी लावला तर काय होतं? दोघांचं ‘लाइंग’. स्पेलिंगसुद्धा एकच.” आणि उदाहरण लिहिलं: द मॅन वॉज लाइंग ऑन द रोड.

सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी लिहायची थांबले. थोड्या वेळानं मी उभी राहिले.

“सर, नुसतं ‘ही वॉज लाइंग’ असलं तर कुठला अर्थ, ते कसं ओळखायचं?”

“पुढचा-मागचा शब्द बघायचा. तिथंच कळतं.”

“पुढं ‘प्रोन’ असलं तर?”

सरांनी जरा नवलानं बघितलं. “कुठं वाचलास हा शब्द? प्रोन म्हणजे पालथा. लाइंग प्रोन, पालथा पडलेला.”

मी खाली बसले. त्यानंतर तासाला काय झालं ते मला आठवत नाही.

पाचसहा दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. आधी मी स्वतःला समजावलं की तो शब्द प्रोन नसेलच, कार्बन पुसट होता. मग वाटलं, आता सांगून काय, जॉबरकाका गेले, अण्णांनाही सवय झाली. भिंतीपलीकडून अण्णांची काठी वाजली की मला जेवण जायचं नाही. शेवटी एका दुपारी शाळेतून परस्पर दादांच्या दुकानावर गेले. ते एका वाकड्या चाकाची आउट काढत बसले होते. मी त्यांच्याशेजारी उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. ते चाक फिरवत, तार आवळत ऐकत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी चाक थांबवलं.

“वाचताना अडलं व्हतं का तुला?”

“हो.”

“मग तवाच म्हनायचं की, येत न्हाय म्हनून.”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग मी म्हणाले, “तुम्ही सांगाल का अण्णांना?”

त्यांनी बराच विचार केला. “न्हाय,” ते म्हणाले. “वाचलं तू. सांगायचंबी तूच. मी दारापतुर येतो.”

आणि ते खरंच दारापर्यंत आले. आम्ही गिरणीच्या सुट्टीचा दिवस धरला होता. अण्णा भिंतीला टेकून, आखूड पाय लांब करून बसले होते. मावशी ज्वारी निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. लाइंग या शब्दाचे दोन अर्थ होतात, मला एकच माहीत होता. पुढं एक शब्द होता, तो मला आला नाही आणि मी तो सोडून दिला. तो वाचला असता तर कळलं असतं.

अण्णांनी काठी जवळ ओढली. मग मावशींना म्हणाले, “तेवढा कागद काढ.”

मावशींनी ट्रंकेतून कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. मी उघडला. प्रोन होताच, अगदी स्पष्ट होता. मी या वेळी एकेक शब्द बोटानं दाखवत वाचला. “मी लगेच तिथं गेलो. तो पालथा पडलेला होता. काय झालं, असं मी त्याला विचारलं. तेलावरून पाय घसरला, असं तो म्हणाला.”

“पालथा,” अण्णा म्हणाले.

“हो.”

“व्हय. पालथाच व्हतो मी. तोंड खाली व्हतं. फरशीचा गारवा गालाला लागत व्हता. त्यानंच मला सरळ केलं.”

मावशींच्या हातातलं सूप तसंच राहिलं होतं. त्या म्हणाल्या, “दोन वरसं झाली गं, पोरी. त्यो माणूस दारात येऊन येऊन गेला.” आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

“तिला बोलू नगं,” अण्णा म्हणाले. “लेकरू हाय ते. मला तोंड व्हतं की. ‘असं का सांगितलंस’ म्हनून मी एकदा तरी इच्चारायचं व्हतं.” थोड्या वेळानं ते माझ्याकडं बघून म्हणाले, “पुढच्या सुट्टीला दुधनीला जाऊ. तू चल. जसं मला सांगितलंस तसं त्याला सांग.”

पुढच्या सुट्टीला आम्ही तिघं, अण्णा, मावशी आणि मी, सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. मावशींनी भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि जुळवलेली सगळी विसरत होते.

दुधनीत जॉबरकाकांच्या भावाचं धान्याचं दुकान होतं. विचारत विचारत गेलो. दुकानाच्या ओट्यावर तुरीच्या पोत्याला टेकून ते बसले होते. फार वाळले होते. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्यांना चेहरे ओळखू आले नाहीत. मग ते गडबडीनं उठायला लागले आणि त्यांच्या तोंडून कानडी निघालं. “बा, कुंद्रु,” म्हणजे ये, बस.

अण्णा त्यांच्याशेजारी बसले. म्हणाले, “पोरीला काय तरी सांगायचं हाय. आधी तिचं आईक.”

मी सांगितलं. मधेच वाक्यं विसरले, परत सुरुवात करावी लागली. जॉबरकाकांना आधी काही उमगेना. “मी विंग्लिश कुटं बोललो?” ते म्हणाले. “मी क्लार्कला म्हनलो, हा पालथा पडला व्हता. त्यानं काय लिवलं ते मला काय म्हाईत. मी खाली कानडीत सही केलो.” मग त्यांना अर्थ लागला. त्यांनी अण्णांकडं तोंड वळवलं.

“म्हंजी तू ह्याच्यासाटनं बोलत न्हवतास?”

“व्हय.”

“मला वाटलं, तेलासाटनं.”

“कुटल्या तेलासाटनं?”

जॉबरकाकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ओट्याखाली त्यांचा भाऊ गिऱ्हाइकाला तूर मोजून देत होता. त्याचे आकडे कानडीत ऐकू येत होते. जॉबरकाका सावकाश बोलायला लागले. त्या दिवशी सकाळी त्यांनी मागाखाली तेल गळलेलं पाहिलं होतं. पोऱ्याला सांगून पुसून घ्यायचं, असं मनात होतं. तेवढ्यात दुसरा माग बिघडला, ते तिकडं गेले आणि विसरले. “क्लार्कनं इच्चारलं न्हाय, मी बी सांगितलं न्हाय. तुला सांगायचं म्हनून रोज येत व्हतो. तोंडातनं निघंना. मग तू ‘तुमी’ म्हनलास. मला वाटलं, ह्याला कळलं. गेटातनं जाताना तू खाली बघायचास. मी म्हनायचो, बरोबर हाय त्याचं.”

अण्णा आपल्या पायाकडं बघत होते. मावशींचा चेहरा मी पाहिला नाही, मला धाडस झालं नाही. मला एवढंच कळत होतं की मी सांगायला आले होते ते संपलं, आणि आता जे चाललंय त्याच्याशी माझा काही संबंध नाही.

“तवाच सांगितलं असतंस,” अण्णा शेवटी म्हणाले, “तर मी चार शिव्या दिल्या असत्या. आन गप बसलो असतो.”

“व्हय,” जॉबरकाका म्हणाले. “ते बी ठावं व्हतं मला.”

भावाच्या घरी आम्ही जेवलो. मावशींनी बांधून आणलेली भाकरीही सोडली. दोघं शेजारी बसले, पण जेवले वेगवेगळ्या ताटांत. निघताना जॉबरकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “परीक्षा कदी हाय?” एकदा रस्त्यात त्यांना उत्तर न देता मी गेले होते. या वेळी मी तारीख सांगितली.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मला म्हणता येत नाही. झालं ते असं, की बोलणं सुरू झालं. अण्णा महिन्या-दोन महिन्यांनी मला बोलावून पोस्टकार्ड लिहायला सांगायचे. मराठीतच. ते बोलतील तसं मी लिहायचे, शब्द इकडचा तिकडं करायचे नाही. दुधनीत जॉबरकाकांचा पुतण्या ते त्यांना वाचून दाखवायचा. पुढच्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते सोलापुरात आले तेव्हा अण्णांकडंच उतरले. पंधरा दिवस होते. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून उंबऱ्याबाहेर बसायचे, शेजारी अण्णा. पूर्वीही ते दोघं फार बोलायचे नाहीत. आताच्या न बोलण्यात काय होतं ते त्यांनाच माहीत. तेलाचा विषय पुन्हा निघाल्याचं मी ऐकलं नाही. त्यानंतर दीडएक वर्षानं जॉबरकाका वारले. पुतण्याचं कार्ड आलं, ते मीच वाचलं. अण्णा काठी घेऊन एकटेच पॅसेंजरनं गेले आणि दिवस करूनच परत आले.

त्या मॅट्रिकच्या परीक्षेत मी पास झाले. इंग्रजीत चांगले मार्क पडले. चाळीत पेढे वाटताना अण्णांनी दोन घेतले. लोक पूर्वीसारखेच कागद घेऊन यायचे आणि मी वाचून द्यायचे. कधी अडलं तर म्हणायचे, थांबा, हा शब्द मला येत नाही, बघून सांगते. तसं म्हटल्यावर कुणाची नजर बदलली, असं मला कधी दिसलं नाही.

मावशी माझ्याशी शेवटपर्यंत चांगल्याच वागल्या. माझ्या लग्नात दोन दिवस त्यांनी आमच्या घरचा स्वयंपाक सांभाळला. पण इंग्रजी कागद त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिला नाही. गिरणीतून काही आलं की त्या डोक्यावर पदर घेऊन माझ्या दारावरूनच सरांच्या घरी जायच्या, चांगलं वीस मिनिटं चालत. एकदा मी दारातच होते. आमची नजरानजर झाली. त्या थांबल्या, “जेवलीस का?” म्हणून विचारलं, आणि कागद तसाच पदराखाली धरून पुढं गेल्या.